खालच्या पट्टीवरचं नाटक

एकोणीसशे नव्व्याण्णव साली सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुणाकडे कॉम्प्युटर आला, की शेजारीपाजारी चपला बाहेर काढून तो बघायला येत. काय दिवस होते! जयवंतरावांनी तर वापीहून आणलेल्या आपल्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं होतं.

जयवंतराव हेडक्लार्क. वीस वर्षं टेबलाच्या काचेखाली फोन नंबर, सुट्ट्यांची यादी, गणपती, सगळं हाताशी. त्यामुळे पडद्यावरचं चित्र ओढून तळाच्या पट्टीवर, 'स्टार्ट'शेजारी सोडलं की पुढे एका टिचकीत उघडतं, हे कळल्यावर त्या रविवारी त्यांना राहवेना. (त्यांना राहवलं नाही की घरात काहीतरी फुटायचं.)

त्यांच्या पत्नी वासंतीबाई मराठी शाळेत शिक्षिका. सातवीच्या मुलींसाठी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत नाटक लिहिलं होतं, थेट कॉम्प्युटरवर, एका बोटाने. प्रिंटर नव्हता, म्हणून जयवंतराव ऑफिसात असताना मुली घरी येऊन पडद्यावर वाचत तालीम करत. सोमवारी नाटक मोठ्या बाईंच्या हाती पडलं नाही, तर ते शाळेच्या स्नेहसंमेलनातून बाद होणार होतं.

बायकोची सोय म्हणून जयवंतरावांनी 'नाटक' फोल्डर खालच्या पट्टीवर आणलं. बघतात तर मूळ जागीही ते आहेच! एकच कागद दोन ठिकाणी? असला गलथानपणा त्यांनी नोकरीत कधी खपवून घेतला नव्हता. त्यांनी मूळचं उडवलं. आणि टोपली रोजच्या रोज रिकामी हवी, म्हणून पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही साफ केली.

"वासंती, बघ! एक टिचकी, नाटक हजर!"

पडद्यावर एक छोटी बॅटरी इकडून तिकडे फिरू लागली.

"अहो, हे काय शोधतंय?"

"तुझं नाटक. मेहनती आहे बिचारं."

"आणि मूळ फोल्डर?"

"डबल होतं. काढलं."

"टोपलीत असेल ना?"

"टोपली स्वच्छ..." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, पट्टीवर होता तो नुसता मूळ फोल्डरचा पत्ता.

वासंतीबाई ओरडल्या नाहीत, स्टुलावर बसून त्यांनी पडद्यावरची टोपली पुन्हा एकदा उघडून पाहिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जयवंतरावांना वाटलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात, उद्या नाटक द्यायचं म्हणून रविवारीही तालमीला मुली आल्या. नरोलीच्या दुर्गाचे वडील धुळ्याहून इथल्या कारखान्यात कामाला आलेले. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाई, टेन्शन नका घेऊ. मले समदं पाठ आहे. काका, लिवा!"

काकांनी निमूटपणे फुलस्केप कागद घेतले. दुर्गा नाटकातला नायक, अमृता त्याची बायको.

"चमचे उंचीप्रमाणे लावलेत!" दुर्गा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"अहो, मग झारा कुठंय?"

"जादा होता. निकाली काढला!"

जयवंतराव खो खो हसले. "काय बावळट माणूस! वासंती, कुठे भेटला गं हा तुला?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तिसऱ्या पानावर नायकाने दुधाच्या पातेल्याला जावक क्रमांक दिला, तेव्हा मात्र जयवंतरावांचं पेन थांबलं. ते पातेलं स्वयंपाकघरात होतं. क्रमांकासकट.

"वासंती, हा माणूस..."

"लिहा हो पुढे. शेवट सुचत नव्हता, तो आज तुम्हीच दिलात." त्या हसत होत्या. जयवंतरावांच्या जिवात जीव आला.

वासंतीबाईंनी सांगितलेल्या शेवटच्या प्रवेशात नायकाने बायकोचं नाटक सोयीसाठी नाहीसं केलं. तोही प्रवेश जयवंतरावांनी सुवाच्य अक्षरात, समास सोडून उतरवला. आणि वीस वर्षांच्या सवयीने, खऱ्या नकलेखाली लिहितात तसं, खाली 'मूळ बरहुकूम' असं लिहून त्यांनी सही ठोकली, हुद्द्यासकट.