पोचवायचं राहिलेलं पाकीट

येत्या शनिवारी नातीच्या कोटावर आद्य रहिवासी मंडळाचा बिल्ला लागलेला बघायचा, हे व्हर्ना टॅकेटबाईंनी पक्कं ठरवलं होतं. त्यासाठी इथे पहिल्यांदा वसलेल्या बाईंच्या खापरपणजोबांपासून प्रत्येक पिढीच्या लग्नाची, काउंटीच्या दप्तरातली नक्कल लागे. मंडळाच्या अध्यक्षीण म्हणून हा नियम बाईंनीच केलेला. त्यावरच बोट ठेवून त्यांनी गेल्या वर्षी इडेला स्ट्राउडचा अर्ज परत पाठवला होता. आणि काउंटी कचेरीत नकला द्यायला खिडकीत बसली होती नेमकी तीच इडेला.

खापरपणजोबा सापडले. तीनदा बोहल्यावर चढलेले आजोबा तर तिन्ही वेळा सापडले. पुढे मात्र इडेला बराच वेळ पानं उलटत राहिली.

“तुमचंच नाही सापडत.”

“नीट बघ. अख्ख्या चर्चनं माझ्या लग्नाचा केक खाल्लाय.”

“लग्नाचा परवाना नेलाय तुम्ही. पण पाद्रीबाबांची सही होऊन तो परत आलाच नाही. त्याशिवाय नोंद होत नाही.” इडेला चष्मा पुसत म्हणाली, “आमच्या दप्तरी तुम्ही अजून माहेरच्या मिस प्रुइटच.”

बाईंनी वळून पाहिलं. बाकावर बसलेले त्यांचे यजमान ऑर्विल स्वतःची टोपी निरखत होते.

“ऑर्विल, ते पाकीट तुझ्याकडे दिलं होतं ना?”

“पाद्री म्हणाले, जाता जाता कचेरीत टाक. पण शनिवार, कचेरी बंद. मग ट्रकच्या खणात ठेवलं.”

“मग?”

“मग ट्रक विकला.”

बाई त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसल्या.

“नवा परवाना देते की,” इडेला म्हणाली. “फक्त तारीख आत्ताची पडेल.”

“आणि आमचा थोरला सत्तेचाळीस वर्षांचा आहे,” ऑर्विलनी माहिती पुरवली.

“तू गप्प बस.”

“घरच्या बायबलात लग्नाचं लिहून ठेवलंय का कुणी?” इडेलानं हळूच विचारलं.

“आहे. माझ्या आईच्या हातचं.”

“माझ्या पणजीच्या लग्नाचंही फक्त बायबलातच होतं.”

ती टोचून बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

शनिवारी मंडळाच्या जेवणात बाईंनी नियम बदलला. घरच्या बायबलातली नोंद चालू लागली. नातीला बिल्ला मिळाला आणि इडेलालाही. तिचा तर बाईंनी स्वतःच्या हातानं लावला.

परतताना गाडीत ऑर्विल खाकरले. “मग, मिस प्रुइट, काढायचा का नवा परवाना?”

“विचार करून सांगते,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. मग त्यांनी ऑर्विलचा हात हातात घेतला. “पण पाकीट मी पोचवणार.”