डॉक्टरांचा आ

दातांचे डॉक्टर दिवसभर लोकांना “आ करा” म्हणायचे, आणि दर मंगळवारी व शनिवारी संध्याकाळी सहा वाजता गाण्याच्या बाई डॉक्टरांना “आ करा” म्हणायच्या. डॉक्टरांचे पेशंट निदान निमूटपणे आ करायचे. डॉक्टरांना ते काही केल्या जमत नव्हतं.

“दोन बोटं!” बाईंनी त्या मंगळवारी पेटी थांबवली. “वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. तुमच्या तोंडात पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही.”

“बाई, जबड्याचा सांधा असतो ना, तो कानाच्या जरा पुढे...”

“सांधा तुमचा असेल, सूर माझा आहे. तोंड उघडा. हे बघा, माझ्याकडे बघा. जीभ खाली, मागचा टाळू वर.” बाईंनी ऐसपैस आ करून सूर लावला.

डॉक्टर वाकून बघू लागले. टाळू वर गेलाही असेल, पण त्यांना दिसली ती खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी दाढ. चांगलीच पोखरली होती. बाई हल्ली डाव्या बाजूनेच बिस्किट चावतात हे त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच टिपलं होतं.

“बाई, तुमची ती दाढ जरा...”

“दाढ नाही, टाळू बघा!”

डॉक्टर टाळू शोधू लागले. गुरूच्या तोंडाची तपासणी करायची शिष्याची प्राज्ञा नसते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरणाऱ्या या वर्गात चाळिशी ओलांडलेली अकरा माणसं शिकत होती. पुढच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम होता, वाचनालयाच्या हॉलमध्ये. गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, पण मधल्या चार ओळी एकट्याने. त्या म्हणणाऱ्या टपाल कचेरीतल्या बाईंची ऐन वेळी बदली झाली होती. आता उरले दोघे. एक डॉक्टर, दुसरे त्यांच्याच दवाखान्याच्या इमारतीत तळमजल्यावर औषधांचं दुकान चालवणारे औषधवाले.

“त्यांचं तोंड उघडतं, पण सूर लागत नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचा सूर लागतो, पण तोंड उघडत नाही. शनिवारी ऐकते. उघडलं तर चार ओळी तुमच्या, नाहीतर त्यांच्या.”

या चार ओळी डॉक्टरांना हव्या होत्या, अगदी मनापासून हव्या होत्या. दहा वर्षांचे असताना शाळेच्या समूहगीतात त्यांना मागच्या रांगेत उभं केलं होतं, आणि गाणं बसवणाऱ्या गुरुजींनी कानाशी येऊन सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव हं.” त्यांनी नुसते ओठ हलवले. पुढची अडतीस वर्षं वाढदिवस असो की सहल, सगळे गायला लागले की डॉक्टर ओठ हलवायचे. दात मात्र मिटलेले. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सूर तुमच्याकडे आहे, फक्त दाराला कडी आहे. ते ऐकून डॉक्टर घरी जाताना रस्ता चुकले होते.

घरी सराव करायची सोय नव्हती. बायको जेवणाच्या टेबलावर बसून फोनवर ऑफिसच्या मीटिंगा घ्यायची. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी मोरीत उभं राहून ओठांची फुरफुर सुरू केली. हा बाईंचा आवडता व्यायाम. पाचव्या मिनिटाला बायको दारात आली.

“अहो, साहेब विचारतायत तुमच्याकडे पाण्याचा पंप बिघडलाय का म्हणून.”

“सांग, सराव चाललाय.”

“मी सांगितलं प्लंबर आलाय. आता प्लंबर जाऊ दे.”

राहता राहिला दवाखाना. आतल्या खोलीचं दार जाड होतं, आणि दोन पेशंटांच्या मध्ये दहा-दहा मिनिटं सहज मिळायची. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढीच काय ती धास्ती. यावर डॉक्टरांनी जी युक्ती काढली ती दातांच्या डॉक्टरलाच सुचू शकते. दात कोरायचं ड्रिल एका हातात धरायचं, पायाने त्याचं पेडल दाबायचं आणि मशीनच्या आवाजात गाणं बुडवून टाकायचं. शिवाय ड्रिलचा सूर पक्का, इकडचा तिकडे होत नाही. डॉक्टरांनी पेडल दाबलं, डोळे मिटले आणि आवाज लावला. आऽऽ. मग एक पायरी वर, आऽऽऽ. मग आणखी वर.

बाहेर तेव्हा बेकरीवाले बसले होते. गडी दणकट, दोन पोरींचा बाप, भट्टीपुढे उभं राहून आयुष्य काढलेला. एका दाढेत सिमेंट भरून घ्यायला आले होते. ड्रिल सुरू झालं तसे ते जरा सावरून बसले. मग आतून माणसाचा आवाज आला, आणि तो चढतच गेला. बेकरीवाल्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शेवटी सगळं शांत झालं, दार उघडलं, आणि डॉक्टर मास्क हनुवटीखाली ओढून घाम पुसत, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले.

“या! चला, तुमचा नंबर.”

बेकरीवाल्यांनी मान लांब करून आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

“आधीचा पेशंट कुठं गेला?”

“आधीचा? आत कुणीच नव्हतं,” डॉक्टर हसून म्हणाले.

“भट्टी चालू राहिलीय माझी,” असं म्हणून बेकरीवाले जे उठले ते जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

गुरुवारी दुपारी दोघे जण उठून गेले, संध्याकाळी तिघे. दवाखान्याच्या काउंटरवर मावशी बसायच्या. पंधरा वर्षं बसत होत्या. त्यांना एका पेशंटने दबकत विचारलं, “मावशी, आत कोण ओरडतंय हो?”

मावशींना खोटं बोलता येत नसे. “डॉक्टरच ओरडतात,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर? का?”

मावशी पुढे झुकल्या. “मी विचारलं नाही. घरचं काहीतरी असेल.”

झालं! शुक्रवारपर्यंत राईचा पर्वत झाला. एक म्हणाला, डॉक्टर आता इंजेक्शन न देताच दात काढतात. दुसरा म्हणाला, ओरडणं पायरी-पायरीने वर जातं, म्हणजे एका बैठकीत सात-आठ दात सहज काढत असणार. तिसऱ्याला पक्की खबर होती की मागच्या बाजूने वेगळा जिना आहे आणि पेशंटला तिकडून नेतात. घाबरून खाली उतरलेला जो तो औषधवाल्यांच्या दुकानात शिरून वेदनाशामक गोळ्या मागायचा. औषधवाले गोळ्या देता देता सहानुभूतीने मान हलवायचे आणि चार ओळी गुणगुणायचे.

शुक्रवारी दुपारी डॉक्टर बाहेर आले तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि मावशी स्वेटर विणत बसलेल्या.

“मावशी, आज कुणीच नाही?”

“आले होते. तुमचं सुरू झालं तसे गेले.”

“माझं काय सुरू झालं?”

मावशींनी सुया खाली ठेवल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. आपलं गाणं बाहेर ऐकू जात होतं याची त्यांना तितकी लाज वाटली नाही. पण ऐकणाऱ्या एकालाही ते गाणं वाटलं नव्हतं! दात उपटताना माणूस ओरडेल तसं वाटलं होतं. त्यांना एकदम दहा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं तर.

“आवाज मोकळा आहे हो तुमचा,” मावशी समजूत घालत म्हणाल्या. “इतकं मोकळं कुणी ओरडत नाही.”

“मावशी, उद्यापासून आवाज यायचा नाही,” डॉक्टर म्हणाले. शनिवारी वर्गात जाऊन चार ओळी औषधवाल्यांना देऊन टाकायच्या आणि गाण्याच्या नावाने कानाला खडा लावायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पण शनिवारी सकाळी दहाला दवाखान्याचं दार उघडलं आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत रुमाल बांधलेल्या गाण्याच्या बाईच आत आल्या. उजवा गाल सुजून टम्म झाला होता. त्यांच्या मागोमाग बेकरीवालेही आले. त्यांचा डावा गाल सुजला होता. गोळ्या खाऊन खाऊन दोघांचेही उपाय संपले होते.

बाई खुर्चीत बसल्या, पण जणू दातखीळ बसलेली.

“आ करा, बाई.”

“उं हूं.”

“जरासा. बघू तर द्या.”

बाईंनी ड्रिलकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बेसूर गाणाऱ्या अकरा माणसांपुढे वाघिणीसारख्या उभ्या राहणाऱ्या बाई, पण दाताच्या खुर्चीत त्यांची पाचावर धारण बसली होती. डॉक्टरांना त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

“खांदे खाली सोडा,” ते म्हणाले. “श्वास पोटातून. जबडा आपला नाहीच असं समजा, लोंबकळू दे. दोन बोटं, बाई, दोन बोटं!”

“माझंच मला शिकवू नका,” बाई मिटल्या दातांतून म्हणाल्या. “मी काल इथं येऊन गेले. जिन्यातूनच परत फिरले. कुणाचे हाल करत होतात?”

“कुणाचे नाही. तो माझा आवाज होता. मी सराव करत होतो.”

“थापा मारू नका. मी बावीस वर्षं गाणं शिकवतेय. तो आवाज पोटातून येत होता, गळा उघडा होता. तुमचा जबडा जन्मात तेवढा उघडायचा नाही.”

गेल्या आठ महिन्यांत बाईंनी एवढी स्तुती कधीच केली नव्हती, आणि आता केली तर ती दुसऱ्याच कुणाची समजून.

“मीच होतो, बाई.”

“मग दाखवा करून.”

परीक्षा संध्याकाळी सहाला होती, ती सकाळी सव्वादहाला सुरू झाली. एरवी डॉक्टरांनी नुसते ओठ हलवले असते. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात चार ओळी नव्हत्या, गुरुजी नव्हते. होती फक्त ती खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी दाढ. ही बाई घाबरली आहे, हिची भीती घालवली पाहिजे, एवढंच त्यांना सुचत होतं. त्यांनी ड्रिल हातात घेतलं, पेडल दाबलं आणि आवाज सोडला. आऽऽऽ. एक पायरी, दुसरी, तिसरी. जबडा आपोआप खाली आला. दोन सोडा, तीन बोटं मावली असती.

बाईंचे डोळे उघडले, आणि आश्चर्याने त्यांचं तोंडही. त्यांनी सपशेल आ वासला.

“अगदी तसंच राहू द्या!” डॉक्टर ओरडले, आणि पुढच्या सेकंदाला त्यांचा छोटा आरसा आत गेला होता.

इंजेक्शन टोचेपर्यंत बाई हलल्यासुद्धा नाहीत. पुढे ड्रिल सुरू झालं तशा त्या पुन्हा आखडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी मास्कमधूनच सूर धरला. शिष्य गातोय म्हटल्यावर बाईंना राहवेना. त्यांनीही आतल्या आत, तोंडात कापूस असताना, त्याच्याखालचा सूर लावला.

बाहेर बेकरीवाल्यांनी मावशींचा हात धरला.

“मावशी, आज दोघांचे एकदम?”

“हो,” मावशी विणता विणता म्हणाल्या. “आज छान लागलंय.”

पाऊण तासाने बाई बाहेर आल्या. अर्धा चेहरा बधिर, एक ओठ लोंबलेला. बेकरीवाल्यांना धीर द्यावा म्हणून त्या काहीतरी बोलल्या. “अजिबात दुखलं नाही” असं त्यांना म्हणायचं होतं, पण बधिर तोंडातून जे निघालं ते ऐकून बेकरीवाल्यांनी पुन्हा जिना गाठला. मग बाई डॉक्टरांकडे वळल्या आणि उजव्या हाताची चार बोटं वर केली. चार ओळी. डॉक्टरांना कळलं. त्यांनी घाईघाईने मास्क वर ओढून घेतला, कारण डोळे भरून आले होते आणि मावशी बघत होत्या.

पुढच्या रविवारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. गाव लहान, तोंडं ओळखीची. आतूनबाहेरून ओळखीची, असं डॉक्टरांच्या बाबतीत म्हणता येईल. पहिल्या रांगेत बायको, तिच्याशेजारी मावशी, आणि अगदी मागे, दाराजवळ, बेकरीवाले. गाण्याचं पहिलं कडवं झालं, बाकीचे सगळे थांबले, औषधवालेही थांबले. डॉक्टर एक पाऊल पुढे आले. ओठ हलायच्या आधी जबडा सुटला, आणि आवाज आला.

अर्ध्या हॉलने एकदम गालाला हात लावला.

“अहो, हाच!” मागून बेकरीवाले ताडकन उठले. “हाच तो आवाज! म्हणजे ते खरंच डॉक्टरच होते!”

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग हशा, आणि मग लोक गप्प झाले, कारण डॉक्टर थांबले नव्हते. अडतीस वर्षांची थकबाकी होती, ते कशाला थांबतात! ते चारही ओळी गायले. टाळ्या पडल्या तेव्हा बायको कुणाला तरी सांगत होती, “प्लंबर बिंबर कुणी नव्हतं हो, हेच होते.”

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच जिन्यात रांग लागली होती. औषधवाले दुकानाच्या दारात उभे राहून ती बघत होते. पहिला नंबर बेकरीवाल्यांचा. ते खुर्चीत बसले, हात छातीवर बांधले, आणि सुजलेला गाल घेऊन छताकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी हात धुतले, दिवा खाली ओढला आणि म्हणाले, “हं, आ करा.”

बेकरीवाल्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बोटाने डॉक्टरांकडे खूण केली.

“आधी तुम्ही.”