डबडूचे तीन शेवट आणि एक बटण

माणूस जन्मभर काय करत होता यापेक्षा तो शेवटी कसा गेला, हे लोकांच्या जास्त लक्षात राहतं. हे सत्य फार जुनं आहे. त्याला स्वतंत्र विभाग, चार खुर्च्या आणि एक शिक्का मिळाला तो मात्र अलीकडेच.

हा 'शेवट विभाग' एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी त्या खोलीत कथा विभाग बसायचा. त्याला जिन्याखाली हलवण्यात आलं (कथेला उजेड कमी लागतो, असा अहवाल होता). विभागाच्या प्रमुखांना सगळे शेवटसाहेब म्हणतात. साहेब याआधी गाद्यांच्या कारखान्यात होते. माणूस सकाळी उठल्यावर कसा दिसतो यावरून ते गादीची परीक्षा करत. रात्रभर तो कसा झोपला याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. असा अनुभवी माणूस सिनेमाला लाभला हे सिनेमाचं भाग्य.

तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून सर्वांत लांबच्या टेबलावर मधली बसते. पात्राचा हात खाली असतानाचं चित्र मोठे कलाकार काढतात, हात वर गेल्याचंही तेच काढतात. हात खालून वर जातो तो मधली काढते. तेवीस वर्षं ती हेच करते आहे, म्हणून तिला मधली म्हणतात. (घरातही ती मधलीच. थोरली आणि धाकटा लांबच्या गावी सुखात आहेत, आणि बाबा मधलीकडे आहेत.)

यंदाचा सिनेमा डबडूचा. डबडू हा सात टनांचा रोबो. मनाने हळवा, अंगाने डबा. शेवटी कोसळत्या पुलाला पाठ देऊन तो शाळेची बस वाचवतो, एवढं ठरलेलं होतं. पुढे त्याचं काय होतं यावर विभागाने तीन शेवट तयार केले. अ : पुलाखाली डबडूच्या डोळ्यांतला दिवा विझतो. ब : डबडू धूळ झटकून बाहेर येतो आणि मुलं त्याला खांद्यावर घेऊन नाचतात (वजनाबद्दल कुणी आक्षेप घेतला नाही). क : दिवा विझतो, सगळे रडून घरी जातात, आणि मग डबडूचं एक बोट हलतं. यातून काहीच नक्की होत नसल्यामुळे विभागात 'क' सर्वांत खोल मानला जाई.

मधलीचा जीव मात्र एकेचाळिसाव्या मिनिटात अडकला होता. तिथे डबडू एका चिमुरडीच्या स्वेटरचं बटण लावतो. लोखंडी बोटं जाडजूड, बटण एवढंसं. तीनदा निसटतं, चौथ्यांदा लागतं. अकरा सेकंदांचं दृश्य, एकशे बत्तीस चित्रं. त्यातली मोठ्या कलाकारांची दोन : बटण बाहेर आणि बटण आत. उरलेली एकशे तीस मधलीची.

ती बोटं बाबांची होती. बाबा घड्याळजी. केसाएवढे स्क्रू ज्या हाताने फिरवले, तो उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला. पुढे तो हळूहळू परत आला, पण पूर्वीसारखा नाही. तरी रोज सकाळी शर्टाची सात बटणं ते स्वतः लावतात. पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी मधली पुढे झाली तेव्हा ते म्हणाले, "हात लावायचा नाही." म्हणून ती समोर वही घेऊन बसली, कारण नुसतं बघत बसणं तिला सोसवत नव्हतं. वहीत काय चाललंय ते बाबांना महिन्याभराने कळलं.

"म्हणजे माझी बोटं त्या डब्याला देणार तू?"

"चालेल ना, बाबा?"

"दे की. पण चौथ्या खेपेला लागलंच पाहिजे. पाचवीपर्यंत ताणू नकोस, लोक कंटाळतात."

त्यानंतर ते रोज विचारू लागले, "पडद्यावर कधी?" आजारानंतर त्यांनी कशाची वाट पाहिली असेल तर ती एवढीच, आणि मधलीला ते माहीत होतं.

चाचणी झाली. तीन सभागृहं, तीन शेवट. पहिली ब्याण्णव मिनिटं तिन्हीकडे तंतोतंत सारखी. प्रत्येक प्रेक्षकाला आत जाताना एक कोरडा रुमाल दिला गेला आणि बाहेर येताना त्याचं वजन झालं. (नाक पुसल्याचं पाणी वजा करण्याची रीत अद्याप सापडलेली नाही.) मग फॉर्म. सहावा प्रश्न बटणाच्या दृश्याबद्दल होता.

'अ' सभागृहात त्र्याण्णव टक्के लोकांना ते दृश्य काळजाला हात घालणारं वाटलं. 'ब'मध्ये एकाहत्तर टक्क्यांना ते गमतीदार वाटलं. एका सासूबाईंनी 'रोबोला जमतं, आमच्या जावयाला नाही' अशी पुरवणी जोडली. 'क'मध्ये बहुतेकांना त्यात काहीतरी खूण दडल्याचा संशय आला आणि चौदा जणांनी बटणाची भोकं मोजली. 'अ'मधल्या एका गृहस्थांना तर बटण बघताक्षणीच कळलं होतं, की हा मरणार. 'ब'मधल्या एका बाईंना त्याच बटणावरून कळलं होतं, की हा मरत नाही.

साहेबांनी निष्कर्ष काढला : भावना बटणात नाही, शेवटात आहे. मग आधीची ब्याण्णव मिनिटं म्हणजे काय? तर ताटकळणं. प्रेक्षकाला ताटकळत ठेवणं असभ्यपणाचं आहे. म्हणून सिनेमा एक तासावर आणला, मग एकतीस मिनिटांवर, मग नऊ. रुमालाचं वजन तसूभरही हललं नाही. शेवटी फक्त 'अ' शेवट ठेवला, चार मिनिटांचा, आणि रुमाल कोरडे ठणठणीत परत आले. अठ्ठ्याऐंशी टक्के लोकांनी फॉर्मवर विचारलं होतं, "पण मेलं कोण?"

विभागावर एवढा बाका प्रसंग कधी आला नव्हता. बैठकीत बिस्किटं दोनदा मागवावी लागली. अखेर साहेबांना सुचलं : सुरुवातीला एक पाटी दाखवायची. 'हा चांगला होता.' लगेच चाचणी घेतली, आणि दर रुमाली साडेतीन ग्रॅम परत! 'फार चांगला होता' असंही करून पाहिलं, पण पहिल्या रांगेतल्या दोघांना धरून बाहेर न्यावं लागल्याने 'फार' वगळण्यात आलं.

मधली दुसऱ्या मजल्यावर गेली. तेवीस वर्षांत ती प्रथमच न बोलावता जात होती.

"साहेब, बटण तेवढं ठेवा. अकराच सेकंद आहेत."

"मधलीबाई, तुमचं दृश्य सगळ्यांना आवडलं. तीन सभागृहांत तीन तऱ्हेने आवडलं. तोच तर त्याचा दोष आहे."

"पण तो चांगला होता, हे लोकांना कळणार कशावरून?"

"पाटीवरून," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाटी दोन सेकंदांत वाचून होते. तुम्हाला अकरा लागतात."

"माझ्या वडिलांना पंचवीस मिनिटं लागतात," मधली म्हणाली, आणि बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून गेली. झटका, हात, सात बटणं, वही.

साहेबांनी सगळं कागदावर टिपून घेतलं. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता.

"पुढे काय झालं त्यांचं?"

"काय व्हायचंय? बटणं लागतात. मग चहा घेतात."

"म्हणजे शेवट नाही," साहेब हळहळले, आणि त्यांनी कागद बाजूला ठेवला.

पहिल्या खेळाच्या सकाळी बाबांनी कॉलरचंही बटण लावलं, त्यामुळे एकतीस मिनिटं लागली. त्यांना सांगायला मधलीची जीभ रेटली नाही. आपण भित्र्या आहोत, असं तिने स्वतःला बजावलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. इथेही दारात रुमाल वाटले होते. अंधार झाला. पाटी आली. पूल पडला, दिवा विझला, दिवे लागले. आजूबाजूला सगळे हुंदके देत होते.

"जाहिरात छान होती," बाबा म्हणाले. "आता सुरू होईल ना?"

"संपला, बाबा."

"आणि माझे हात?"

"काढून टाकले."

बाबांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवला. ते बघून मधली जी रडली, ती दारातल्या माणसाने रुमाल मागेपर्यंत. तिचा रुमाल नऊ ग्रॅम भरला. तो त्या दिवसाचा उच्चांक होता आणि 'अ' शेवटाच्या नावे नोंदवला गेला.

बाबांनी फॉर्म मागून घेतला. 'शेवट कसा वाटला?' या प्रश्नासमोर त्यांनी उजव्याच हाताने लिहिलं : 'आधी मधलं दाखवा.' तीन शब्दांना सहा मिनिटं लागली. उत्तर सिनेमापेक्षा लांबल्याने फॉर्म बाद झाला. घरी आल्यावर बाबा शर्ट काढायला बसले. बटणं काढायलाही तेवढाच वेळ लागतो. मधली समोर वही घेऊन बसली.

आता वाचकांनी थोडं सहकार्य करावं. बाबांना झटका आला होता हे वाचलं, तेव्हाच तुम्ही मनातल्या मनात रुमाल चाचपला होता. संकोच नको, सगळेच चाचपतात. विभागाचा अंदाज असा आहे, की बाबा या परिच्छेदात गेले तर वरचं सात बटणांचं वर्णन तुम्हाला एकदम हृद्य वाटेल. नाही गेले, तर थोडं लांबलंय असं वाटेल.

बाबा गेलेले नाहीत. आज सकाळी त्यांनी चोवीस मिनिटांत बटणं लावली आणि चहा घेतला. तुमची निराशा झाली असल्यास सहाव्या प्रश्नासमोर खूण करा.