तापलेले जावईबापू

सासरेबुवांच्या वाढदिवसाला जेवणाआधी पंजा लढायचा आणि जावयाने हरायचं, हे घरात ठरल्यासारखंच झालं होतं. सासऱ्यांची हयात ट्रकचे टायर बदलण्यात गेलेली. जावई चष्म्याच्या दुकानात. यंदा मात्र त्याने कुठेसं वाचलं होतं, की आधी स्नायू तापवले तर ताकद वाढते. ही युक्ती कुणाला कळू नये म्हणून त्याने बाथरूमची कडी लावली आणि जोर काढायला सुरुवात केली.

सासूबाईंनी दाराला कान लावला. आत कुणीतरी कण्हत होतं.

"बरं वाटत नाहीये का?"

"मस्त... आहे," जावई धापा टाकत म्हणाला.

"यांना धड बोलवतही नाहीये गं," त्या लेकीला म्हणाल्या.

जावई बाहेर आला तो लालबुंद, घामाने निथळत. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावला, तर चटकाच बसला. खरं सांगावं तर युक्ती फुटणार, म्हणून तो गप्प राहिला. त्याने तर सगळ्यांचं धाबं दणाणलं. एरवी तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"डॉक्टर खालीच आहेत," म्हणत सासऱ्यांनी त्याला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि जिने उतरून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पंख्याखाली झोपवलं. तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला, की त्यांनाही यायचंय. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून सासऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं.

"ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही करत काय होतात?"

जावयाने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"असं खरंच असतं का हो?" सासऱ्यांनी विचारलं.

"असतं ना. पण अंग गार व्हायच्या आत खेळायचं."

सासऱ्यांनी खांदे फिरवून पाहिले. "म्हणजे माझं आपोआपच झालंय की." त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर कोपर टेकलं. "या जावईबापू, उरकून टाकू."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. दर वर्षी तो थोडाफार तरी झुंजायचा. या वेळी मागोमाग खाली आलेली बायको "सुरू" म्हणाली आणि तिचा शब्द संपायच्या आत हात टेबलावर आपटला. कळ थेट मस्तकात गेली.

ठणठणीत ठरलेल्या पेशंटच्या मनगटाला डॉक्टरांनी पट्टी बांधली.

"वर चालत याल ना?" सासऱ्यांनी काळजीने विचारलं. "की आणलं तसंच नेऊ?"

"मनगट दुखतंय बाबा, पाय नाही," म्हणत जावई जिना चढू लागला.

मागून खुर्चीतून आवाज आला, "मला मात्र न्या हो."