पाऊण तासाचा पलंग

टिपणीस काकांना जेवायला बोलावलं की ते दारातच विचारतात, "पान किती वाजता वाढणार?" भुकेपोटी नव्हे. वेळ सांगितली की निवांत बसतात. "होईलच एवढ्यात" म्हटलं, तर कपाळाला आठ्या. आईला म्हणतात, "वहिनी, नक्की सांगा. नाहीतर हे काम धरलं जाईल!"

काका लंडनजवळ हाउन्सलोच्या एका कंपनीत लॉरी चालवायचे आणि नवशिक्यांना शिकवायचे. त्यांतली एक मी. घरचे सगळे कॉम्प्युटरपुढे, मलाच मेलीला लॉरीचा सोस. तेव्हा लॉरीत कागदाची गोल चकती असे, तिच्यावर ड्रायव्हरचा अख्खा दिवस उमटायचा. गाडी उभी असताना आपण काय करतोय ते बटण फिरवून सांगायचं. पलंगाचं चित्र म्हणजे विश्रांती, हातोड्यांचं म्हणजे काम, चौकोन म्हणजे थांबणं. पण किती थांबायचं ते आधी ठाऊक हवं. ठाऊक नसेल तर ते थांबणं नव्हे, काम. आणि साडेचार तास चालवलं की पाऊण तास पलंग. त्यात काम केलं की तो पाऊण तास बाद.

काकांनी सगळा संसार या तीन चित्रांत बसवला होता. लग्नाला जाणं? हातोडे. सत्यनारायण? "गुरुजी कधी उठणार ते विचारून घेतलं, तर चौकोन."

एकदा अशा विश्रांतीत मी उत्साहाने समोरची काच पुसायला घेतली. काका कडाडले, "अगं, पलंगावर पडून काच पुसतेस? ठेव ते फडकं! ट्रेनी असलीस म्हणून काय झालं?" दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

माझी परीक्षा व्हायची होती, म्हणून लांबच्या फेरीला मी नुसती बाजूला बसायची. एका फेरीत एडिनबराला माल उतरवून आम्ही गावाबाहेर एका कॅफेपाशी थांबलो. काकांनी पलंग लावला. मग धुतलेला शर्ट चढवला आणि गाजराच्या लोणच्याची बरणी मांडीवर घेतली. त्यांची मुलगी मेघना तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला होती. आई गेल्यापासून ती हाउन्सलोला फिरकली नव्हती. काकांनी फोन स्पीकरवर लावला.

"बाबा, I'll try, ओके? शिफ्ट संपली की बघते. प्रॉमिस नाही करत."

"बघ हो. घाई नाही," काका म्हणाले.

पाऊण तास संपला. एरवी काकांनी त्या क्षणी चावी फिरवली असती. ते तसेच बसून राहिले. मग परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "सांग, समोरचा माणूस कधी येणार ते माहीत नसताना थांबणं, ते कशात धरायचं?"

"कामात," मी म्हणाले.

"करेक्ट. म्हणजे माझी विश्रांती झालीच नाही. आता पुन्हा पाऊण तास घ्यावा लागणार. रूल इज रूल."

नियमाला सोडून कधी श्वासही न घेणारा हा माणूस, मुलीसाठी नियमच वाकवत होता. काय करावं सुचेना, म्हणून फडकं घेऊन खाली उतरले आणि काच पुसायला लागले. आता ओरडतील, असं वाटलं.

काकांनी खिडकी खाली केली.

"डावीकडची पण पूस," ते म्हणाले. "बस तिकडून येते."