आवाज मोजला तो टिटवीचा

बाळांनो, चुळबुळ थांबवा. मी दोनदा सांगणार नाही.

एका जंगलाला चारी बाजूंनी समुद्र होता. म्हणजे बेटच ते. तिथल्या किनाऱ्यावर टिटवी उघड्या वाळूत अंडी घालायची. घरटं बांधायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत.

मग माकडाने वाळूत मोठ्ठे स्पीकर लावले. पलीकडच्या काठावरून कोल्हे होड्या भरभरून नाचायला येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांच्या पायाखाली टिटवीचं एक अंडं फुटलं. तीन उरली.

"मेल्या, बंद कर ते!" टिटवी ओरडली.

"मावशी, पाहुणे नाचले नाहीत तर मी खाऊ काय?"

टिटवी सरपंचाकडे गेली. सरपंच म्हणजे रानडुक्कर. राहायला बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, गार चिखलात. तिथे गाणं ऐकूच जात नसे.

"आवाजाचा कायदा आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "बुधवारी मोजायला येतो. माकडाला कळवून ठेवतो."

"त्याला कशाला कळवता?"

"न कळवता कुणाकडे जाऊ नये, टिटवीबाई. बरं दिसत नाही."

बुधवारी माकड स्पीकरवर चादर घालून, डोळे मिटून बसलं होतं. जसं काही जन्मात कधी ओरडलंच नव्हतं. सरपंच आला. मागून कासव यंत्र घेऊन आलं. चालता चालता सरपंचाचा खूर नेमका अंड्यांवर उतरू लागला.

टिटवी जीव खाऊन किंचाळली. खूर थबकला. यंत्राचा काटा मात्र टोकाला जाऊन आपटला.

कासवाने लिहून घेतलं. बेटावर आवाज करणारे : एक. टिटवी.

"आठ दिवस चोच बंद," सरपंच म्हणाला.

"आणि माझी अंडी?"

"अंडी आवाज करत नाहीत. ती या कायद्यात बसत नाहीत."

सरपंचाची पाठ वळली आणि माकडाने चादर काढली. समुद्रात होड्या दिसू लागल्या.

टिटवी रडत बसली असेल? छे! तिने नवऱ्याला अंड्यांवर बसवलं, बेटावरच्या झाडून साऱ्या टिटव्या गोळा केल्या आणि सरपंच जेवून चिखलात कलंडला तशा सगळ्या जणी त्याच्या कानाशी किंचाळत सुटल्या.

"अगं बायांनो, झोपू द्या!"

"माकडाचे स्पीकर होडीत चढले की झोपा."

ऊन उतरायच्या आत स्पीकर होडीत चढले. चार दिवसांनी तीन पिल्लं वाळूत धावू लागली. किनाऱ्यावर पाटीही लागली, 'सरपंचांच्या प्रयत्नाने शांत झालेले बेट'.

तात्पर्य : शांतता हवी असेल तर अर्ज करत बसू नये. सरपंच दुपारी कुठे झोपतो ते शोधावं, आणि चारचौघी मिळून तिथे जाऊन बोंबलावं.