सासऱ्यांचं पेन आणि मेहुणीची यादी

मेहुणीच्या लग्नाची यादी रविवारी होती आणि मी गुरुवारी सासुरवाडीत चहा पिता पिता म्हणालो, "द्या इकडे, मी करतो दुरुस्त." माझी बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू होतात. (आमचा मिक्सर, गच्चीवरचा नळ आणि शेजारच्या उषाताईंचं शिलाई मशीन याला साक्षी आहेत. मशीन आता हयात नाही.)

वस्तू होती सासऱ्यांचं शाईचं पेन. सासरे बळवंतराव वाणगावचे निवृत्त मास्तर. पेन त्यांच्या वडिलांचं, काळ्या कडक रबराचं, अंगठ्याएवढं जाड. मानपान ठरवून दोन्हीकडच्यांनी सह्या करायचा तो कागद, म्हणजे यादी, याच पेनाने लिहायची असा त्यांच्या घरचा रिवाज. आता आत शाई वाळून दगड झाली होती, आणि सासरे दुसऱ्या पेनाला हात लावायला तयार नव्हते.

मी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत अठरा वर्षं आहे. डिस्पॅचला. ट्रकमध्ये ड्रम किती चढले एवढंच मला कळतं. पण सासुरवाडीत मी 'केमिकलमधले जावई' आहे आणि हा गैरसमज मी कधी दूर केलेला नाही.

सरावलीला घरी आल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मी सांडशीने निब ओढलं. निघालं, पण मान मुरगळून. ते पोळपाटावर ठेवून चमच्याच्या पाठीने सरळ केलं. मग शाई सुटावी म्हणून पेन कढत पाण्यात टाकलं आणि क्रिकेट बघत बसलो. शाई सुटली. त्याबरोबर काळा रंगही गेला. पातेल्यातून बाहेर आलं ते शेणाच्या गोवरीच्या रंगाचं काहीतरी.

"हे काय?" बायकोने, म्हणजे स्वातीने, विचारलं.

"ऑक्सिडेशन," मी म्हणालो. (हा शब्द कंपनीच्या बोर्डावर आहे.)

"हे ऑक्सिडेशन बाबांना तुम्ही सांगणार, की मी?" स्वाती म्हणाली.

कोणीच सांगायचं नाही असं ठरवून मी पेनाला बुटाचं काळं पॉलिश केलं. आटे गळत होते, तिथे नळाला लावायची पांढरी टेप गुंडाळली. मुलीच्या औषधाच्या ड्रॉपरने शाई भरली आणि वीजबिलाच्या पाठीवर 'श्री' काढला. सुरेख उमटला. स्वातीने कितीतरी वर्षांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

रविवारी वाणगावला मंडळी जमली. नवरामुलगा कुशल चिंचणीचा. त्याच्याकडून त्याची आत्या मैनाबाई बोलत होत्या, बाकीचे माना डोलावत होते. कागदाला हळदकुंकू लागलं. बळवंतरावांनी पेन उचललं, 'वधू रूपल' असं मोत्यासारखं लिहिलं, आणि हाताच्या उबेने पॉलिश सुटायला लागलं. बोटं काळी झाली. त्यांनी घाम पुसला, कपाळ काळं झालं. ते 'वर कुशल' लिहीत होते तेवढ्यात माझ्या चमच्याने सरळ केलेल्या निबाने पोटातली सगळी शाई एकदम सोडली. कुशल त्या डबक्याखाली दिसेनासा झाला.



"पोराचं नाव बुडालं," मैनाबाई म्हणाल्या. "लक्षण काय बरं नाय. आमी उठतो."

रूपलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यामुळे त्या पोरीचं लग्न मोडत होतं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी काळ्या हाताने मला थांबवलं.

"बसा, मैनाबाय," ते शांतपणे म्हणाले. "शाई सांडली तर काय वाईट नाय. भरपूर हाय, म्हणून सांडली. या पेनाचं वाईट लक्षण म्हंजे ते अडतं. साठ वर्सांत एकदाच अडलं. या आमच्या जावयाच्या यादीला. यांच्या नावापाशी आलं नि थांबलं. झटकलं, निब जिभेला लावलं, पण नाय ते नाय. मी अडाण्यासारखं दुसऱ्या पेनानं लिवलं. ते आजवर निस्तरतोय."

मी स्वातीकडे पाहिलं. ती छताच्या पंख्याकडे पाहत होती.

मैनाबाईंनी चष्मा लावला. मला पायापासून डोक्यापर्यंत आणि परत पायापर्यंत सावकाश न्याहाळलं. मग पदर सावरून त्या खाली बसल्या.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "लिवा पुढं."